दिवस चौथा: गुहागर ते रत्नागिरी, आणि मऊ पडलेली कडक भाकरी

आकडे आधी देतो, आपल्यातले निम्मे जण तेवढंच वाचतात. मीटरवर ८८ किलोमीटर, ॲपनं दाखवलेला चढ १३१० मीटर, प्रत्यक्ष सायकलवर सव्वासात तास. म्हणजे ताशी बारा. हाच मी रविवारी सकाळी अक्कलकोट रोडला बावीस-तेवीसनं गप्पा मारत जातो.

निघण्याआधी सोलापुरात जो भेटेल तो म्हणायचा, "समुद्राच्या कडेनं म्हणजे काय, सपाटच की!" खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. नकाशावर रस्ता निळ्या रंगाला चिकटून चाललेला दिसतो ना. प्रत्यक्षात गाव खाली पुळणीवर, नारळ-पोफळीत दडलेलं असतं. गाव संपलं की रस्ता तडक जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर चढतो, शंभर-सव्वाशे मीटर. वर थोडा वेळ मोकळं, तांबडं माळरान. जरा दम खातोय तोवर पुढचं गाव किंवा खाडी येते आणि आपण पुन्हा शून्यावर. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, तवसाळ. प्रत्येक नावाला एक उतार आणि एक चढ जोडून वाचा. घाट कसा, एकदा चढला की चढला. इथं कमावलेली उंची दर तासाला परत द्यावी लागते.

आपल्याकडे सराव करायचा तरी कुठं? मी तीन महिने दर आठवड्याला तुळजापूर केलं. कोजागरीला लोक चालत जातात तोच रस्ता. पंचेचाळीस किलोमीटरमध्ये खरा चढ म्हणजे शेवटचा घाट. त्याच्या जोरावर मी निवांत होतो. आता पुन्हा तयारी करायची झाली तर एकच घाट सहा वेळा खालीवर करीन, आणि तोही मागच्या दोन्ही बॅगा भरून. घाटाआधीचे चाळीस किलोमीटर या कामी काही उपयोगाचे नाहीत.

गिअरचं गणित इथं मांडतो, कारण आज दिवसभर डोक्यात तेच फिरत होतं. माझ्या सायकलला पुढचं सगळ्यात लहान चक्र २८ दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठं ३२ दात्यांचं. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटर पुढं जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी पावणेसातच्या आसपास. याच्याखाली वेग गेला की पाय अडखळतात आणि गुडघे बोलायला लागतात. बरोबरच्या अण्णांची सायकल डोंगरी, पुढं २२ आणि मागं ३४. त्यांच्या एका फेऱ्यात जेमतेम एक मीटर चौतीस. यंत्रमागावर उभं राहून उमर गेली, आता बासष्ट वर्षांचे आहेत. सपाटीवर मी त्यांची वाट बघत थांबतो. वेळणेश्वरच्या चढाला मी उतरून ढकलत होतो आणि ते शेजारून टकटक पाय फिरवत, एक शब्द न बोलता वर गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सकाळची सुरुवातच मुळी उशिरा झाली. चूक माझीच. काल संध्याकाळी गुहागरच्या पुळणीवर ओहोटीची ओली, टणक वाळू बघून मोह झाला आणि सायकल घातली. सकाळी चेन फिरवली तर करकर, दाताखाली खडा आल्यासारखी. आपल्या काळ्या मातीच्या धुळीला कोरडं, मेणाचं तेल बरं पडतं. इथं खारं पाणी आणि बारीक वाळू, त्यात ते तेल दोन दिवसांत निघून जातं. जुन्या टूथब्रशनं एकेक कडी घासली, फडक्यानं पुसली, मग दाट तेलाचा एकेक थेंब. पाऊण तास गेला. खोली देणाऱ्या काकूंनी मायेनं खोबरेल तेलाची वाटी पुढं केली. तेवढं मात्र टाळलं.

हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं. खाली बामणघळ, म्हणजे भरतीला जिच्यातून पाणी उंच उसळतं ती खडकातली भेग, बघायला गेलो तर ओहोटी. घळ आपली नुसती गप्प उभी. भरतीची वेळ बघून जा.

आता उकाड्याचं. आपण मे महिन्यात बेचाळीसमध्ये सायकल चालवणारी माणसं, डिसेंबरच्या तेहतीसचं काय घेऊन बसलाय, असं मला वाटायचं. पण सोलापुरात घाम दिसतच नाही, येतो तसा उडतो आणि अंग गार करून जातो. शर्टावर नुसती पांढरी रेघ राहते. इथल्या दमट हवेत तो उडत नाही, कोपरावरून थेंब थेंब हँडलवर गळतो. त्यात चढाला वेग सहा-सात, म्हणजे स्वतःच्या वेगाचा वारासुद्धा नाही. अकरापर्यंत साडेतीन लिटर पाणी संपलं होतं, आणि नुसतं पाणी पिऊन पोटात डचमळायला लागलं. मग ओआरएसची एक पुडी लिटरभर पाण्यात घालून घोट घोट घेतली, तेव्हा जरा माणसात आलो.

आणि भाकरी! घरून दोन डझन कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली होती. कडक भाकरी म्हणजे महिनोन्‌महिने टिकणारी, भर सभेत मोडली तर लोक मागं वळून बघतील अशी. तिसऱ्या दिवशीच ती गप्प झाली होती. आज नरवणच्या पुढं एका झाडाखाली पिशवी उघडली तर भाकरी दोन्ही हातांनी वाकवली तरी मोडेना, चामड्यासारखी नुसती वळायची. अण्णांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "हिला पण घाम आलाय बघ." चटणी मात्र शाबूत. चटणीवरच दिवस निघाला.

तवसाळच्या जेटीकडं उतरताना खरी गंमत झाली. उतार तीव्र आणि माझे ब्रेक रिमचे, म्हणजे चाकाची कड रबरानं आवळणारे. सारखे दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून. तरीही खाली येईपर्यंत रबर जळल्याचा वास येत होता. शेवटच्या वळणावर मागून खडखड. उतरून बघतो तर कॅरिअर डावीकडं लोंबकळतंय, खालचा बोल्ट कुठंतरी वर सड्यावर पडलेला. खाली फेरी लागलेली, तिचा रॅम्प जेटीवर टेकलेला, गाड्या आत चाललेल्या. अण्णा तिकडून ओरडले, "काय करलालास बे तिथं? सुटंल की फेरी!"

सुटकेची युक्ती इथं सांगतो, लक्षात ठेवा. बाटलीच्या केजचा बोल्ट आणि कॅरिअरचा बोल्ट बहुतेक सायकलींना एकाच जाडीचे असतात, पाच मिलिमीटरचे. चारची ॲलन की, म्हणजे षटकोनी पान्हा काढला, केजचा एक बोल्ट खोलला, कॅरिअरला लावला. लांबीला जरा कमी होता, पण चार-पाच आटे धरले. केज उरलेल्या एका बोल्टवर आणि दोऱ्यावर. फेरी मिळाली. ती चुकती तर पुढच्या फेरीपर्यंत बसायचं, नाहीतर भातगावच्या पुलावरून मोठा वळसा.

शास्त्री नदीच्या मुखाशी खाडी रुंद आहे. फेरीवर सायकल कठड्याला टेकवली आणि दिवसात पहिल्यांदा पाय न हलवता पुढं सरकलो. एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठून आलात एवढं सामान लादून?" सोलापूर म्हटल्यावर म्हणाल्या, "पंढरपूरच्या बाजूचं ना? मग इकडं कशाला आलात, विठोबा सोडून?" अण्णांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही.

जयगडला वर चढलो, मालगुंडला केशवसुतांचं जन्मगाव म्हणून दोन मिनिटं थांबलो, गणपतीपुळ्यात गर्दी होती म्हणून कळसाला बाहेरूनच हात जोडले. ऊन कलायच्या आत आरे-वारे गाठायचं होतं. गाठलं. त्या रस्त्याबद्दल लिहीत बसत नाही, तुम्ही फोटो बघितलेलेच आहेत. फक्त एक गोष्ट फोटोत येत नाही. वरून समुद्र दिसतो तिथं सगळे थांबतात, आणि थांबून गार झालेल्या पायांनी पुढचा चढ घ्यावा लागतो. चढ संपवून मग थांबा.

रत्नागिरीत शिरलो तेव्हा अंधार पडला होता. इथून निघणारा १६६ नंबरचा महामार्ग आंबा घाट चढून कोल्हापूर, सांगली करत थेट आपल्या सोलापूरला जातो. अण्णा फाट्यावर थांबून त्या रस्त्याकडं बघत राहिले. मी काही विचारलं नाही.

खानावळीतल्या ताईंनी आमच्या दोन भाकऱ्या तव्यावर शेकून दिल्या. दहा मिनिटं पुन्हा कडक झाल्या, तेवढ्यात खाऊन घेतल्या.

उद्या पावस, पूर्णगड, आडिवरे, जमलं तर जैतापूर. हार्डवेअरच्या दुकानातून पाच मिलिमीटरचे चार बोल्ट घेतलेत. दोन लावले, दोन खिशात.