नारिंगी वायर आणि ‘मेलेली’ डिस्क

हार्ड डिस्क फिरत नाही म्हणजे ती मेली, असं कुणी काउंटरपलीकडून ठणकावून सांगितलं, तर लगेच मान डोलवू नका. माझ्या दोन ‘मेलेल्या’ डिस्क आत्ता, हे टाईप करत असताना, टेबलाखाली गुरगुरत आहेत.

मी लग्नाचे आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करते, इंदूरला, रामबागेतल्या घरूनच. एकेका लग्नाचं फोर-के फुटेज शेकडो जीबी खातं, आणि पार्टी वर्षभरानं फोन करून विचारते, ‘ताई, हळदीची ती क्लिप आहे ना अजून?’ म्हणून सर्व्हरमधून काढलेल्या ८ टीबीच्या दोन डिस्क ऑनलाइन घेतल्या. घेताना साटा आहे की सास (डिस्क जोडायच्या या दोन पद्धती; साटा घरच्या कॉम्प्युटरची, सास सर्व्हरची) ते नीट वाचा. सास डिस्क घरच्या मदरबोर्डला लागत नाही, आणि स्वस्त दिसते ती बहुधा तीच असते.

माझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय ५५० वॅटचा. ताकद भरपूर, पण साटाचे प्लग संपलेले. मोलेक्स मात्र रिकामे होते, म्हणजे ते जुने चार वायरींचे मोठे पांढरे प्लग. मोलेक्सवरून साटा प्लग काढून देणारा अडॅप्टर आणायच्या आधी डिस्क बऱ्या आहेत का बघावं म्हणून डीव्हीडी रायटरचा साटा प्लग काढून लावला. डिस्क ढिम्म. हाताला थरथरही जाणवेना. दुसरी लावली, तीही तशीच. मग यूएसबी डॉकमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायच्या स्टँडमध्ये, ठेवली तर लगेच फिरली, पूर्ण क्षमता दाखवली. पुन्हा कॉम्प्युटरच्या केसमध्ये लावली, पुन्हा गार.

विक्रेत्याला कळवलं. त्याची अट अशी की परत करायची तर दुरुस्ती केंद्राचा लेखी अहवाल हवा, तोही मुदतीत. तिथून पुढे माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

केंद्राचं नाव लिहीत नाही. एसी, काचेचं दार, टोकन नंबर, सगळं होतं. मी सांगितलं, डॉकमध्ये चालते, केसमध्ये चालत नाही. काउंटरवरच्या मुलानं पावतीवर फक्त ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिलं. डॉकचा उल्लेख करा म्हटलं तर, ‘मैडम, डॉक में तो सब चल जाता है.’ आता सगळंच चालत असेल तर डिस्क खराब कशी, हा प्रश्न त्याला पडला नाही. डिस्क ठेवून जा म्हणाला. मग रोज फोन करायचा आणि रोज ऐकायचं, ‘इंजीनियर सर अभी आए नी.’ कधी सर आलेले असायचे, पण जेवायला गेलेले. इकडे परतीची मुदत सरत होती.

शेवटी अहवाल मिळाला. मोटर फॉल्ट, दुरुस्ती शक्य नाही. वर, डेटा रिकव्हरी करायची असेल तर खर्च वेगळा. मी म्हटलं, ‘भिया, ये तो खाली है. इसमें कुछ है ही नी.’ तर म्हणे तपासणीचे पैसे तरीही लागतील. तपासलं कसं ते दाखवा असा हट्ट धरला तेव्हा आतल्या टेबलावर नेलं. उघडा पॉवर सप्लाय, त्याचा साटा प्लग, त्याला माझी डिस्क. एवढंच. त्या प्लगला पाच वायरी होत्या: नारिंगी, काळी, लाल, काळी, पिवळी. आदल्या रात्री मी डिस्कची डेटाशीट वाचून गेले होते, म्हणून नारिंगी वायरीकडे बोट दाखवून म्हटलं, एकदा मोलेक्सवरून लावून बघा. तर ‘घर से किसी जेंट्स को भेज दीजिए, उनको समझा देंगे.’

मी पैसे भरले, डिस्क उचलली आणि निघाले. रिगल चौकापर्यंत काय काय पुटपुटले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रकार असा आहे. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १५ पिना असतात. पहिल्या तीन ३.३ व्होल्टच्या, मधल्या ५ च्या, शेवटच्या १२ च्या, अधेमधे अर्थिंग. नारिंगी वायर म्हणजे ३.३. साध्या साडेतीन इंची डिस्कला या ३.३ चा काही उपयोग नसतो. २०१६ साली साटाच्या ३.३ आवृत्तीत तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं: तिच्यावर वीज आली की डिस्कनं बंद राहायचं. डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क कुणी उठून न जाता दुरूनच बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. पण घरच्या जुन्या धाटणीच्या पॉवर सप्लायमधून त्या पिनेवर कायम वीज येते, आणि डिस्क बिचारी हुकूम पाळत गप्प बसते. माझ्या डॉकमधून ३.३ येतच नाही, म्हणून तिथे चालली. मोलेक्समध्येही पिवळी १२, लाल ५ आणि दोन काळ्या एवढंच असतं. म्हणजे जो अडॅप्टर मी प्लग कमी म्हणून घेणार होते, तोच नेमका इलाज होता. डेटाशीटमध्ये ‘पॉवर डिसेबल’ हा शब्द शोधा, विक्रेत्याच्या जाहिरातीत तो सापडेलच असं नाही.

सिल्व्हर मॉलमधून अडॅप्टर आणला, लावला, बटण दाबलं. दोन्ही डिस्क फिरल्या. मी खरंच टाळी वाजवली. आई देवघरातून ‘काय झालं गं?’ म्हणून बघायला आली.

अडॅप्टर घेताना मात्र घासाघीस पैशावरून करू नका, बनावटीवरून करा. एक प्रकार असतो त्यात वायरींवर प्लॅस्टिक ओतून प्लग अखंड केलेला असतो, मोल्डेड म्हणतात तो. आत वायरी एकमेकींना खेटून बसल्या असतील तर बाहेरून कळत नाही, आणि अशा प्लगांमध्ये आतल्या आत शॉर्ट होऊन प्लॅस्टिक जळाल्याची उदाहरणं आहेत. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वायर आपापल्या खाचेत दाबलेली दिसते, मागचं झाकण निघतं. तो घ्या. दुकानदार ‘दोनों एक ही है’ म्हणेल.

एका साटा प्लगचे चार करणारी शेपटीही टाळा. साटाच्या एका पिनेची मर्यादा १.५ अँपिअर, १२ व्होल्टला तीन पिना, म्हणजे साडेचार. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. चार एकदम उठल्या तर हिशेब तुम्हीच करा. मोलेक्सची पिन जास्त सोसते, तरी मी एका मोलेक्सवर दोनच डिस्क ठेवल्यात.

हो, आणि मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, पॉवर सप्लाय असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल भोकात बसते म्हणून लावू नका. सप्लायकडच्या बाजूचा वायरींचा क्रम वेगळा असू शकतो, डिस्क क्षणात जळू शकते. अडॅप्टर नकोच असेल तर पिवळसर कॅप्टॉन टेपनं (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) डिस्कच्या पहिल्या तीन पिना झाकता येतात. मोजायच्या डेटा केबलच्या बाजूनं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ती टेप असते. साधी सेलोटेप नको, उन्हाळ्यात सुटते.

डिस्क फिरतेय पण दिसत नाही, असं झालं तर मदरबोर्डचं पुस्तक बघा. काही बोर्डांवर एम-डॉट-टू एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी चपटी डिस्क) लावली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. आणि नवी डिस्क कशी आखायची असं विंडोजनं विचारल्यावर जीपीटी निवडा, जुनी एमबीआर पद्धत नको; एमबीआरला २ टीबीच्या पुढचं दिसत नाही.

पुढच्या सीझनला तिसरी डिस्क लागेल. एक मोलेक्स अजून आहे, पण त्यावर केसचा पंखा लटकलाय. तो आधी मदरबोर्डवर हलवायला हवा.