हरहुन्नरी झूम लेन्स : कोणता दोष चालेल, कोणता नाही

घरातला समारंभ, प्रवास, जुन्या इमारती आणि तलावावरचे पक्षी हे सगळे एकाच लेन्सवर भागावे अशी इच्छा आमच्या इंदुरातल्या हौशी छायाचित्रकारांत जितकी आढळते, तितकीच अशा लेन्सविषयीची तुच्छताही आढळते. कॅमेऱ्यावर १८-३०० किंवा १८-४०० मिमीची झूम दिसली (हे आकडे फोकल लेंथचे : लहान आकड्याला रुंद दृश्य मावते, मोठ्याला दूरची वस्तू मोठी दिसते), की ‘कोपरे सॉफ्ट येतात’, म्हणजे धारदार येत नाहीत, आणि ‘रेषा वाकतात’ ही दोन वाक्ये ठरलेली असतात. दोन्ही खरी आहेत, पण त्यांवरून लेन्स घ्यावी की न घ्यावी हे ठरत नाही. कारण यांतला एक दोष संगणकावर क्षणात जातो आणि दुसरा कशाने आला आहे त्यावर सगळे अवलंबून असते. म्हणून अशी लेन्स तपासताना मी प्रत्येक दोषाला दोनच प्रश्न विचारतो : तो नंतर काढता येतो का, आणि काढताना चित्राचे काय जाते?

दोष असतात हे आधीच मान्य करून टाकलेले बरे. स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम, फोइक्टलेंडरची ३६-८२ मिमी झूमार, १९५९ सालची. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी फोकल लेंथ यांत सव्वादोन पटीचाच फरक. टॅमरॉनने १९९२ मध्ये २८-२०० मिमीची लेन्स आणून सात पटींचा पल्ला सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणला आणि २०१७ मध्ये त्याच कंपनीची १८-४०० मिमी बावीस पटींवर पोचली. एवढ्या पल्ल्यात भिंगांचे गट पुढेमागे सरकत असताना प्रत्येक फोकल लेंथला प्रत्येक दोष शून्यावर आणणे शक्य नसते. शिवाय आकाराचे गणित आहेच. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले प्रकाशद्वाराचा (अ‍ॅपर्चरचा) व्यास; तो जितका लहान तितका प्रकाश जास्त. ३०० मिमीला एफ/६.३ हवे असेल तर ३०० भागिले ६.३, म्हणजे सुमारे ४८ मिमी व्यासाचे प्रकाशद्वार लागते, तेच एफ/२.८ ला मिळवायचे तर १०७ मिमी लागेल आणि मग ती लेन्स खांद्यावरच्या पिशवीत मावणार नाही. १८ मिमीला एफ/३.५ असलेली लेन्स ३०० मिमीला एफ/६.३ वर येते तेव्हा पावणेदोन स्टॉपच्या आसपास प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). संध्याकाळच्या हळदीकुंकवात ही तूट जाणवते. तिला सॉफ्टवेअरमध्ये खरा उपाय नाही, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवणे एवढेच हाती राहते.

डिजिटल कॅमेऱ्यांनी या हिशेबात एक नवी गोष्ट आणली. २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीचे कॅमेरे आले तेव्हापासून लेन्सच्या दुरुस्तीची माहिती फाइलमध्येच नोंदवून ठेवण्याची रीत रूढ झाली, आणि आता अनेक लेन्स ‘वाकलेली रेष सॉफ्टवेअर सरळ करील’ हे गृहीत धरूनच आखल्या जातात. कॅननची आरएफ २४-२४० मिमी हे त्याचे ठळक उदाहरण आहे : २४ मिमीला रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली) दुरुस्तीविना उघडली तर कोपरे काळे दिसतात, कारण प्रतिमेचे वर्तुळ सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत पुरते पोचतच नाही, आणि रेषा सरळ करताना चित्र ताणले जाते तेव्हा तो काळा भाग चौकटीबाहेर जातो. काही जुन्या मंडळींना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही. काचेने करायचे काम गणिताने केले आणि त्यातून वजन व किंमत कमी झाली, तर तक्रार कशाची? फक्त कोपऱ्यांतला तपशील त्या ताणण्यात किती पातळ होतो, ते दुरुस्त केलेल्या चित्रात पाहिले पाहिजे. दुरुस्तीआधीच्या चित्रावरून लेन्सला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

आता न जाणाऱ्या दोषाकडे येतो, कारण खरी परीक्षा त्याचीच. लेन्समधल्या एखाद्या भिंगाचे केंद्र किंचित सरकलेले किंवा भिंग कललेले असेल, तर चित्राची एक बाजू वा एक कोपरा इतरांपेक्षा सॉफ्ट येतो. एवढे सगळे सरकते गट असलेल्या झूममध्ये हे अधिक संभवते आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक पडतो, त्यामुळे परीक्षणे वाचून आपल्या हातातल्या नगाविषयी काही कळत नाही. पुष्कळ जण विटांच्या भिंतीचा किंवा वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो काढून कोपरे तपासतात. त्यात अडचण अशी, की कॅमेरा भिंतीला अगदी समांतर नसेल तर एक बाजू जवळ व दुसरी दूर जाते आणि निर्दोष लेन्सही दोषी ठरते. त्यापेक्षा दूरची एकच वस्तू चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवून पाहावी. इंदुरात यासाठी गांधी हॉलचे घड्याळ मला फार सोयीचे वाटते. १९०४ सालच्या या इमारतीच्या मनोऱ्यावर चार बाजूंना घड्याळे आहेत, म्हणूनच लोक तिला घंटाघर म्हणतात. तबकडीवरचे आकडे आणि काट्यांची टोके सॉफ्टपणा लगेच उघडा करतात. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठे करून मध्यभागी फोकस साधावा आणि मग ऑटोफोकस बंद करून टाकावा. हाताची थरथर सावरणारे स्थिरीकरणही बंद करावे, कारण ट्रायपॉडवर ते काही लेन्समध्ये स्वतःच हलके कंपन निर्माण करते. दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि तीच तबकडी आधी मध्यभागी, मग चारही कोपऱ्यांत घ्यावी. हे सर्वांत लहान, मधल्या आणि सर्वांत मोठ्या फोकल लेंथला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर आणि एफ/८ वर करावे.

निकाल वाचण्यात थोडे भान लागते. चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील आणि एफ/८ वर सुधारत असतील, तर तो त्या आखणीचा स्वभाव समजावा. कोपऱ्यात पुन्हा फोकस केल्यावर कोपरा स्वच्छ येत असेल, तर लेन्सचे फोकसचे प्रतल वाकडे आहे. समूहचित्र सोडले तर व्यवहारात ते फारसे नडत नाही. पण एकच कोपरा मऊ, त्याच्या समोरचा धारदार आणि एफ/८ वरही हा पक्षपात टिकून असेल, तर तो नग दुकानदाराला परत करावा. अशा चित्राला धार देणारे सॉफ्टवेअर सगळ्या चौकटीला सारखीच धार देते; एका कोपऱ्यापुरती दुरुस्ती प्रत्येक फोटोत मास्क आखून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, करत बसणे हा छंद नव्हे, शिक्षा आहे.

रेषांच्या परीक्षेसाठी सगळे राजवाड्यासमोर जातात, मीही जातो. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी अशा त्या सात मजली दर्शनी भागाइतक्या आडव्या-उभ्या रेषा शहरात दुसरीकडे एकत्र सापडणे कठीण. मात्र होळकरांच्या काळापासून उभी असलेली, आगी सोसलेली आणि दुरुस्त्या झालेली ही वास्तू फूटपट्टी नाही. एखादी रेष वाकलेली दिसली तर ती लेन्सने वाकवली की काळाने, हे कळण्यासाठी तीच रेष चौकटीच्या बरोबर मध्यातून जाईल असा दुसरा फोटो घ्यावा. केंद्रातून जाणाऱ्या रेषेला लेन्स वाकवत नाही. तिथेही बाक दिसला तर तो वाड्याचा. बहुतेक हरहुन्नरी झूम रुंद टोकाला रेषा पिंपासारख्या बाहेर फुगवतात आणि साधारण ३५ मिमीच्या पुढे आत ओढतात. साधा फुगवटा एका स्लायडरने जातो. मध्ये फुगलेली आणि टोकांना उलट वळलेली, झुपकेदार मिशीसारखी रेष मात्र स्लायडरने सरळ होत नाही, तिला त्या लेन्सचे प्रोफाइलच, म्हणजे तिच्या दोषांची मोजून ठेवलेली नोंदच, लागते. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेन्सफनच्या संग्रहातली प्रोफाइले वापरता येतात, तेव्हा लेन्स घेण्यापूर्वी तिचे नाव त्या यादीत आहे का, ते पाहून ठेवावे.

रात्रीच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाण्याआधी दुकानांवरच्या उघड्या दिव्यांकडे लेन्स रोखून दोन-चार फोटो घ्यावेत. भिंगांची संख्या जास्त, म्हणून आतली परावर्तने जास्त, आणि दिव्याच्या समोरच्या बाजूला उमटणारे हिरवे-जांभळे ठिपके एखाद्याच्या चेहऱ्यावर पडले तर ते पुसणे जिकिरीचे होते. त्यात फिल्टर लावलेला असेल तर आधी तो काढावा. बरेचसे ठिपके त्याचेच असतात.

लांब टोकाची परीक्षा सिरपूर तलावावर होते, आणि ती सकाळीच घ्यावी. २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आलेल्या या तलावाच्या पलीकडच्या काठावरचा बगळा एप्रिलच्या दुपारी ३०० मिमीवर टिपला, तर जमिनीवरून उठणारी तापलेली हवा पिसांचा तपशील खाऊन टाकते आणि दोष लेन्सला लागतो. पूर्ण फ्रेमपेक्षा लहान अशा एपीएस-सी सेन्सरवर ३०० मिमीला पूर्ण फ्रेमच्या सुमारे ४५० मिमीइतकेच अरुंद दृश्य मिळते. स्थिरीकरण हात सावरते, पक्ष्याचे पंख नव्हे, म्हणून १/१००० सेकंदाच्या खाली मी सहसा जात नाही. आणखी एक गोष्ट गाठीला असावी : अशा लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस करताना त्यांची खरी फोकल लेंथ घटते. फुलावरच्या फुलपाखराला ३०० मिमीवर अपेक्षेपेक्षा लहान पाहून लेन्सवर लिहिलेला आकडा खोटा समजू नये, तो आकडा अनंतावरच्या फोकसचा असतो.

मग दुरुस्तीची किंमत. काळवंडलेले कोपरे उजळणे सोपे, पण दोन स्टॉपांनी उजळणे म्हणजे तिथला संकेत चौपट करणे. आयएसओ ८०० वर काढलेल्या फोटोचे कोपरे ३२०० सारखे दाणेदार होतात. दिवसा चालते, लग्नाच्या हॉलमध्ये मी कोपरे थोडे काळे राहू देतो. कडांकडे वाढत जाणारी लाल-हिरवी झालर हा सर्वांत स्वस्तात जाणारा दोष आहे, कारण तिथे लाल आणि निळ्या रंगाची प्रतिमा हिरवीपेक्षा किंचित लहान-मोठी पडलेली असते आणि ती मापात बसवली की काम झाले. अ‍ॅपर्चर लहान करून मात्र ती जात नाही. चमकत्या वस्तूभोवतीची जांभळी झालर वेगळी. ती काढणारे साधन रंगच पुसते. महेश्वरच्या घाटावर उन्हात काढलेल्या फोटोत झालर घालवताना माहेश्वरी लुगड्याचे जांभळे काठ राखाडी होतात, तेव्हा ते साधन पाण्याच्या चमकेपुरतेच मास्क करून वापरावे.

समूहचित्रात तर मी रेषांची दुरुस्ती चक्क बंद ठेवतो. फुगवटा सरळ करताना चौकटीच्या कडा बाहेर ताणल्या जातात, आणि रुंद टोकाने काढलेल्या फोटोत कडेला बसलेल्या मामींचा आधीच रुंदावलेला चेहरा आणखी रुंद होतो. भिंत थोडी वाकलेली कुणाला दिसत नाही. मामींना मामींचा चेहरा दिसतो. अशा वेळी दोन पावले मागे जाऊन ३५ मिमीवर फोटो काढणे हा कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगला इलाज आहे.

उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकणे हा लेन्सचा दोषच नव्हे, कॅमेरा वर कलता धरल्याचा परिणाम आहे. रुडकीला अभियांत्रिकी शिकून इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागलेले आणि इथेच १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळलेले लाला दीनदयाळ ज्या जातीचे मोठ्या प्लेटचे कॅमेरे वापरत, त्यांत कॅमेरा सपाट ठेवून लेन्सची पाटीच वर सरकवता येई आणि इमारत ताठ राही. आपल्याला तीच गोष्ट नंतर चित्र ताणून करावी लागते, आणि त्यात वरचा भाग पातळ होतो व दोन्ही बाजू कापल्या जातात. राजवाडा घेताना म्हणून चारही बाजूंनी सढळ जागा सोडावी. रेषा शंभर टक्के समांतरही करू नयेत. खालून पाहणाऱ्या डोळ्याला थोडा झुकाव अपेक्षितच असतो आणि तो पुरता काढला की इमारत वर रुंद होत गेल्यासारखी वाटते.

हललेला फोटो, चुकलेला फोकस आणि पूर्ण पांढरे पडलेले आकाश यांपाशी दुरुस्ती संपते. आताची नवी साधने हललेल्या चित्रालाही धार आणून दाखवतात, पण ती तपशील शोधत नाहीत, रचतात. देवनागरी पाटीवर वापरून पाहिले तर अक्षरांच्या जागी अक्षरांसारखे काहीतरी उमटते, आणि जे पाटीचे होते तेच दूरच्या चेहऱ्याचेही होत असते, फक्त ते ओळखू येत नाही. घरच्या माणसांच्या फोटोंवर मी ती वापरत नाही.

या सगळ्या चाळणीतून गेलेली १८-३०० माझ्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळ असते. २०० मिमीच्या पुढे ती एफ/८ वर, उन्हात आणि लहान छपाईसाठी. रंगपंचमीच्या गेरेला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, मात्र ती घरी राहते, कारण लांब होणारी नळी प्रत्येक झूमबरोबर बाहेरची हवा आत ओढते आणि त्या दिवशी राजवाड्यासमोरच्या हवेत गुलालाशिवाय दुसरे फारसे काही नसते.