ट्रेलर नाचत होता, अण्णांनी सांगलीतून ओळखलं

माझी गाडी एक लिटर इंजिनची हॅचबॅक. जर्मनीत श्टुटगार्टला आल्यापासून मी आणि माधवी दर उन्हाळ्यात तंबू घेऊन बाहेर पडायचो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये सलग तीन रात्री पावसानं झोडपलं, गाद्या भिजल्या, आणि परत येताना माधवी एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी डोक्यावर पत्रा हवा." मोठ्या कॅराव्हॅनला मोठी गाडी लागते आणि ती आम्हाला घ्यायची नव्हती. म्हणून जुना, थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर घेतला. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण वर उचललं की छोटासा ओटा. रिकामं वजन ३९० किलो, स्वतःचा ब्रेक नाही.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "७५० किलोचा आहे, कुठलीही गाडी ओढेल." हे वाक्य अर्धंच खरं आहे. इथल्या बी वर्गाच्या, म्हणजे साध्या मोटारीच्या लायसन्सवर सामानासकट ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळी परीक्षा न देता नेता येतो. (भारतातलं लायसन्स इथे सहा महिने चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्या मी देऊन झालो होतो.) पण लायसन्स वेगळं आणि गाडीची ताकद वेगळी. जर्मन आरसीवर ओ.१ आणि ओ.२ असे दोन रकाने असतात. ओ.१ म्हणजे ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनाचा चालेल, ओ.२ म्हणजे ब्रेक नसलेला किती. माझ्या कागदावर ओ.१ ला १००० आणि ओ.२ ला ५६०. म्हणजे ट्रेलरवर ३६० किलो सामान भरायची परवानगी असली तरी माझ्या गाडीमागे १७० किलोच चालणार होतं. दोन आकड्यांतला लहान आकडा तोच आपला, हे ट्रेलर घेण्याआधी बघायला हवं. काही छोट्या गाड्यांच्या या रकान्यांत नुसती रेघ असते. तिथे विषयच संपतो.

हुक वर्कशॉपमध्ये बसवून घेतला. ट्रेलरचा प्लग सात पिनांचा आणि गाडीचा सॉकेट तेरा पिनांचा, म्हणून मध्ये अडॅप्टर आला. या भागात सांगण्यासारखं फारसं काही नाही, दिवे सगळे लागले.

पहिली चक्कर ट्युबिंगेनच्या रस्त्यावर मारली. सामान भरूनच निघालो, खरा अंदाज यावा म्हणून. एका उतारावर वेग ७५ वर गेला, शेजारून ट्रक पुढे निघून गेला आणि ट्रेलरचं बूड डावीकडे सरकलं. मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. गाडीची मागची बाजू कुणी तरी धरून हलवतंय असं वाटत होतं. मी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टेअरिंग सरळ घट्ट धरलं आणि ब्रेक दाबला. वेग साठच्या खाली आला तसा ट्रेलर शांत झाला. अशा वेळी वेग वाढवून ट्रेलर सरळ करायचा, असं सांगणारे लोक भेटतात. कृपा करून ते करू नका. झोका वेगावरच वाढतो. आणि स्टेअरिंग उलटसुलट फिरवून त्याला आवरायलाही जाऊ नका. पुढच्या थांब्यावर उतरलो तेव्हा माधवीचे हात थंडगार होते, माझेही.

रात्री सांगलीला फोन लावला. अण्णा, माझे चुलते, चाळीस वर्षं ऊस वाहताहेत. आधी बैलगाडीनं, नंतर ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सामान कुठं भरलंय?"

"मागे. ओटा मागेच आहे ना."

"मग उलाळ हाय ती गाडी. जुवावर वजनच न्हाई तिच्या."

बैलगाडीत मागं जास्त भरलं की पुढचं जू वर उचलतं, बैलांच्या खांद्यावरून सुटू बघतं. तिला आमच्याकडे उलाळ गाडी म्हणतात. फार पुढं भरलं तर बैलांचे खांदे सुजतात. आजोबा गाडी भरून झाली की जू एका हातानं उचलून बघायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं. किती वजन असावं हे त्यांच्या हाताला कळायचं. इथे त्याच गोष्टीला श्ट्युत्सलास्ट म्हणतात, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याचा हुकवर पडणारा भार. नियमानं तो ट्रेलरच्या प्रत्यक्ष वजनाच्या निदान ४ टक्के हवा (२५ किलोपेक्षा जास्त असण्याची सक्ती नाही), आणि वरची मर्यादा हुकवर आणि दांड्यावर लिहिलेल्या आकड्यांपैकी जो लहान तो. माझ्या हुकवर ५० किलो लिहिलंय.

या थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरची गंमत अशी की स्वयंपाकघर शेपटीला असल्यामुळे माणूस आपोआप सगळं जड सामान चाकांच्या मागे भरतो. आमचा कुकर, तवा, कणकेचा डबा, लोणच्याची बरणी, गॅसचा सिलिंडर, पाण्याचा कॅन, सगळं मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला वजनकाटा पार्किंगमध्ये नेला. ट्रेलर सपाट जागेवर सोडवून उभा केला आणि चाकांना लाकडी ठोकळे लावले. केरसुणीचा दांडा हुकच्या उंचीएवढा कापून घेतला होता. तो काट्यावर उभा धरला आणि ट्रेलरचं पुढचं तोंड त्यावर अलगद टेकवलं. तोल जाऊ नये म्हणून माधवी दांडा धरून उभी होती. दांड्याखालचं टेकूचं छोटं चाक जमिनीपासून वर घेतलं, तेव्हा काट्यावर आकडा आला ११. एवढ्या ट्रेलरचा सगळा मिळून ११ किलो भार! अण्णांनी हे पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतरावरून नुसतं ऐकून ओळखलं होतं.

सिलिंडर पुढच्या दांड्यावरच्या पेटीत हलवला. कुकर, धान्य, डबे आत घेऊन चाकांच्या किंचित पुढे, गादीखाली ठेवले. मागे फक्त पाण्याचा कॅन, प्लॅस्टिकची ताटं आणि टॉवेल. पुन्हा मोजलं, ३४.

मग सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो. साखर कारखान्याच्या गेटवर असतो तसाच, जमिनीत बसवलेला. ट्रेलर सोडवून फक्त तोच काट्यावर ठेवला आणि पावती घेतली. ५८०. माझ्या मर्यादेपेक्षा वीस किलो जास्त, आणि मला शंभर टक्के खात्री होती की आपण कमीच भरलंय. २० लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन आणि पुढे लावायचा जड मांडव काढला. पाणी तिथे पोचल्यावर नळाला मिळतंच. नवी पावती ५४० ची, आणि दांड्यावरचा भार ४३. ती पावती मी आरसीच्या पाकिटात ठेवलीय.

टायरकडे लक्ष गेलं ते ठोकळे लावताना. नक्षी नव्यासारखी खोल, पण रबरात केसाएवढ्या भेगा. बाजूला डीओटी या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात, माझ्या टायरवर ३४१४. म्हणजे २०१४ सालचा चौतिसावा आठवडा. ट्रेलर वर्षभर उभाच असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. दोन्ही बदलले.

रिव्हर्सला मात्र जास्त दिवस लागले. इथे रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे सुपरमार्केटचं पार्किंग मोकळं मिळतं. तीन रविवार तिथे घालवले. लांब ट्रेलरपेक्षा छोटा ट्रेलर मागे घेणं अवघड असतं, कारण तो चटकन वळतो आणि बघता बघता गाडीशी काटकोन करतो. शिवाय आमचा इतका बसका की सरळ असला तर आरशात दिसतच नाही. दिसायला लागतो तेव्हा वळलेला असतो. अण्णा व्हिडिओ कॉलवर होते. "हात स्टेअरिंगच्या खालच्या अंगाला धर. बूड जिकडं न्यायचंय तिकडं हात ने. बोटभरच. आणि बिघडलं तर पुढं घे, लाज कसली त्यात." हे बोटभर फार मोलाचं निघालं.

जुलैत एका रविवारी पहाटे फ्युसेनला निघालो. रविवारी मोठे ट्रक ऑटोबानवर नसतात, म्हणून मुद्दाम तो दिवस निवडला. ट्रेलर लावला की वेगमर्यादा ८०. काही ट्रेलरना १०० ची परवानगी मिळते, पण त्यासाठी ट्रेलर आणि गाडीच्या वजनाचं जे प्रमाण लागतं त्यात आमची छोटी गाडी बसत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. ए ८ महामार्गावरचा आल्ब पर्वताचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये साठच्या आसपास चढलो. इंजिन ओरडत होतं, पण तापमानाचा काटा हलला नाही. उल्मच्या पुढे एल्शिंगेनला ए ७ घेतला. मेमिंगेनच्या पुढच्या एका उतारावर आरशात बघत मी वाट पाहत होतो. एक बस शेजारून गेली. गाडीला हलका धक्का बसला, तेवढाच. ट्रेलर रुळावर असल्यासारखा मागून येत राहिला. माधवीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पेट्रोल म्हणाल तर एरवी शंभर किलोमीटरला साडेपाच लिटर लागतं, त्या दिवशी साडेसात लागलं.

मुक्कामाची जागा फोर्गेनझेच्या काठाला होती. लेख नदीवर १९५४ साली धरण बांधून झालेलं हे तळं हिवाळ्यात रिकामं करतात, उन्हाळ्यात काठोकाठ भरलेलं असतं. पलीकडे डोंगरावर नॉयश्वानस्टाइनचा किल्ला दिसतो. जागेत शिरताना झाड आडवं आलं. रिव्हर्स दोनदा केला, तिसऱ्यांदा ट्रेलर सोडवला आणि दोघांनी ढकलून जागेवर नेला. छोट्या ट्रेलरचं हे सुख मोठ्या कॅराव्हॅनवाल्यांना नाही. संध्याकाळी पिठलं-भात केला. रात्री पाऊस आला, पत्र्यावर वाजत राहिला.

चौथ्या दिवशी निघायच्या आधी अण्णांचा मेसेज होता, "खटका बसला का बघ." ट्रेलर हुकवर पकडणारा खटका बसल्याची हिरवी खूण दिसत होती. तरी मी पुढच्या छोट्या चाकाची मूठ उलटी फिरवत राहिलो. दांडा वर आला, त्याबरोबर गाडीचं मागचं बूडही दोन बोटं वर उचललं. म्हणजे पकड पक्की. मग चाक वर घेतलं, खिट्टी लावली आणि अण्णांना फोटो पाठवला.