निरंक

आमच्या शाळेला मुख्याध्यापकाचं पदच नाही. पहिली ते पाचवीला 150 च्या वर किंवा सहावीच्या पुढं 100 च्या वर पट लागतो, आमचा सातवीपर्यंतचा सगळा मिळून 86. मग काय होतं, शिक्षकांत जो सिनियर त्याच्या गळ्यात चार्ज, आणि तो 2019 च्या जूनमध्ये माझ्या गळ्यात पडला. चार्ज म्हणजे चाव्यांचा जुडगा, तीन गोदरेजची कपाटं (एक उघडतच नाही), तांदळाची कोठी आणि व्हॉट्सॲपचे अकरा ग्रुप. पगार तोच, वर्गही तोच, पाचवी माझ्याकडंच.

गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरात, नाव लिहीत नाही. जमीन मुरमाड, पाणी दिवाळीपर्यंत, अर्ध्याच्या वर घरं ऊसतोडीला जाणारी. बाहेरच्यांना म्हणून सांगतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, उन्हाळ्यात-पावसाळ्यात उचल (आगाऊ पैसे) देऊन ठेवतो आणि दिवाळी झाली की ट्रॅक्टर येऊन उभा राहतो, भांडीकुंडी, शेरडं, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढवून माणसं कोल्हापूर, सांगली नाहीतर खाली कर्नाटकात जातात ती थेट मार्च-एप्रिलला परत. पाच-सहा महिने लेकरू फडात, ऊसाच्या वाढ्यानं शाकारलेल्या कोपीत, म्हणजे झोपडीत. शाळेच्या भाषेत ह्याला हंगामी स्थलांतर म्हणतात आणि त्याचा एक तक्ता असतो, दर महिन्याला भरायचा.

त्या तक्त्यात मी तीन वर्षं एकच शब्द लिहिला. निरंक, म्हणजे एकही लेकरू गेलं नाही.

खोटं होतं का? सांगतो कसं चालायचं. लेकरू सलग महिनाभर आलं नाही की ते शाळाबाह्य धरतात, मग खुलासे, मग भेटी, मग "सर, तुम्ही काय प्रयत्न केले". म्हणून मी गेलेल्या लेकरांची हजेरी महिन्यात चार-पाच ठिकाणी मांडायचो, सलग महिना भरू द्यायचो नाही. खिचडीच्या आकड्यात मात्र त्यांना कधी धरलं नाही, तेवढी लाज होती. स्वयंपाकाच्या मावशी रोज डोकी मोजूनच तांदूळ काढायच्या, पाचवीपर्यंतच्याला 100 ग्रॅम आणि वरच्याला 150, त्यांचं पोषण आहाराचं रजिस्टर खरं आणि माझं हजेरीचं अर्धं खरं. दोन रजिस्टरं, दोन आकडे, कुणी शेजारी ठेवून बघितले नाहीत. उलट एका शिक्षण परिषदेत स्थलांतर रोखलं म्हणून मला गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र मिळालं. ते ऑफिसात लावलं होतं, गांधीजी आणि सावित्रीबाईंच्या फोटोच्या खाली जरा डावीकडं.

मधल्या काळात अंबाजोगाईला डायटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, शाळा नेतृत्वाचं ट्रेनिंगही झालं. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. चार्टपेपरवर शाळेचं स्वप्न काढायला लावलं, मी बाग काढली. तिथून येऊन मी भाषणं लई करायला लागलो. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडा लावून झाला की दरवर्षी सांगायचो, स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादच्या लढ्याचे पुढारी होण्याआधी हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत मास्तर होते, म्हणजे मास्तर काय करू शकतो बघा. लोक टाळ्या वाजवायचे, मलाही माझं भाषण आवडायचं.

आता त्या दिवसाचं.

नोव्हेंबर 2022, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार, सकाळची शाळा. ऑक्टोबरात परतीच्या पावसानं सोयाबीनच्या गंजी जागेवर भिजवल्या होत्या, शेंगांना कोंब फुटलेले, एरवी न जाणारी दोन-चार घरं पण त्या साली उचल घेऊन बसलेली. काही टोळ्या भाऊबीज करूनच गेल्या होत्या, उरलेल्यांचा ट्रॅक्टर रविवारी यायचा होता. 22 लेकरांचे आईबाप जाणार होते. म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावली आणि ह्या पालकांनाही बोलावलं. विषय हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप गेले तरी लेकरू गावात आजी-चुलत्याकडं झोपायचं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बाया पाहिजेत असं कायद्यात आहे, आमच्याकडं बायांच्या सह्या घरपोच घ्यायची पद्धत होती, पण त्या दिवशी मावशीनं घरोघर फिरून बाया खऱ्याच आणल्या. कशा आणल्या विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई, म्हणलं च्या हाय."

व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. मी उभा राहून सुरू केलं. शिक्षण म्हणजे वाघिणीचं दूध वगैरे झालं, मग जरा आवाज चढला, मी म्हणलं तुम्ही सहा महिन्यांसाठी लेकराचं सगळं वर्ष मातीत घालायलात, आम्ही इथं जीव तोडून शिकवायचं आणि तुम्ही त्याच्या हातात कोयता द्यायचा. माणसं खाली बघत होती. त्यांना सवय आहे, मुकादमही असाच बोलतो त्यांच्याशी, हे मला नंतर सुचलं.

मग मला वाटलं एखादं लेकरूच उभं करावं, जास्त परिणाम होईल. पाचवीतली एक पोरगी दाराशी बसली होती, काखेत दीड वर्षाचा भाऊ. घरात सगळ्यात मोठी म्हणून तिला आपण थोरली म्हणू. हुशार, वाचन एकदम खडखडीत, पाढे तेविसापर्यंत. तिला उठवलं आणि म्हणलं, "सांग बाळा सगळ्यांना, तिकडं गेल्यावर तू शाळेत जाते का?"

मला "नाही सर" पाहिजे होतं.

ती म्हणाली, "जाते की सर. मागच्या साली गेल्ते."

"कुठं?"

तिनं कारखान्याजवळच्या गावाचं नाव सांगितलं, तिथं जिल्हा परिषदेची शाळा आहे, कोपीपासून ओढा ओलांडून. मी म्हणलं, "असं कसं, तिथं नाव घातलं का तुझं?" म्हणजे मी अजूनही तिला खोटं पाडायच्याच बेतात होतो.

"न्हाई घातलं. तिथल्या गुरुजीनं कार्ड मागितलं, माझ्याकडं नव्हतं. मग त्यांनी तुम्हाला फोन केल्ता." भाऊ रडायला लागला म्हणून तिनं त्याला दुसऱ्या काखेला घेतलं. "तुम्ही म्हणलात, ती इथंच हाय, वर्गात बसलीय. मी तिथंच उभी होते सर, फोनचा आवाज मोठा केलेला होता."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी विचारलं आणि तिनं सांगितलं, सातच्या पाढ्यासारखं.

आणि मला तो फोन आठवला. फेब्रुवारी, दुपारची वेळ, अनोळखी नंबर, पलीकडचा माणूस म्हणला तुमच्याकडची अमुक मुलगी पटावर आहे का. मला वाटलं हे तपासणीतलं कुणीतरी आहे, फिरवून विचारायलेत. म्हणून मी पटकन म्हणलं होतं, आहे ना, नियमित आहे, आत्ता वर्गातच बसलीय. पलीकडं जरा वेळ शांतता आणि मग "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. मी सुटलो म्हणून चहा मागवला होता, हेसुद्धा आठवलं.

व्हरांड्यात कुणी बोललं नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "ए गप गं, बस खाली, सरांपुढं काय बोलायलीस." तेव्हा मावशी मागून, हातात चहाची किटली तशीच, "बोलू द्या की तिला, काहून गप करता?"

आता इथं मी काय केलं ते फार शूर होतं असं नाही. पहिलं मनात आलं ते हेच, की म्हणावं, बाळा तुझा गैरसमज झाला असेल, रेंज नव्हती वगैरे, आणि ते खपलंही असतं, कारण गावात मास्तरचं खोटं लोक खपवून घेतात. पण ती पोरगी माझ्याकडं बघत होती, आणि सोमवारी मी तिला परिच्छेद वाच म्हणणार होतो. शिवाय मावशी तिथं होत्या आणि मावशीला दोन्ही रजिस्टरं माहीत. त्यांनी तीन वर्षांत एकदाही विषय काढला नव्हता, ते जास्त लागत होतं.

मी म्हणलं, "खरंय. मी तसं म्हणलो होतो."

आत जाऊन मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक आणलं, चौथीचं पान काढलं आणि तिच्या ओळीवर बोट ठेवून अध्यक्षांच्या पुढं धरलं. फेब्रुवारीत ती पाच दिवस हजर. त्यातला एक दिवस रविवार निघाला. होय, रविवार. घाईत मांडताना तेवढंही बघितलं नव्हतं मी. एकजण फसकन हसला आणि मग सगळेच हसले, मीही हसलो, दुसरं करणार काय. मग खाली सतरंजीवर बसलो, पाय दुखत होते.

आणि गंमत म्हणजे सभा तिथून सुरू झाली. तोवर नुसतं माझं भाषण चाललं होतं.

बाया बोलायला लागल्या. इतकी वर्षं मी "पालकांची उदासीनता" असं लिहीत आलो होतो अहवालात. एक म्हणाली, दिवसा तुमी हायत हो गुरुजी, रातच्याला वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवू? दुसरी म्हणाली, माझी सासू आंधळी हाय, लेकरू तिला सांभाळंल का ती लेकराला? थोरलीची आई लईच हळू बोलली, तिचं म्हणणं एवढंच, दीड वर्षाचं बाळ फडात ठेवून मोळी बांधायची कशी, ऊसाच्या बुडाला साप असतोय, ट्रॅक्टर मागं-पुढं होतोय, थोरली नसंल तर मी अर्धा कोयता बी न्हाई. आणि उचल तर जोडीनं घेतलेली. एक बाप म्हणाला, गेल्या साली तुमी वसतिगृह म्हणलं होतं, मंजुरी आली तवा आम्ही दोन खेपा तोडून झालो होतो.

ह्यातलं एकही कारण माझ्या प्रस्तावात नव्हतं. प्रस्ताव मी मागच्या वर्षीचाच तारीख बदलून काढला होता.

मग जे ठरलं ते माझ्यापेक्षा मावशीनं आणि त्या बायांनी ठरवलं. मोठ्या पोरींची झोपायची सोय मावशीच्या आणि आणखी एका विधवा बाईच्या घरी, दोघींची घरं समोरासमोर. मंजुरी येईपर्यंत संध्याकाळच्या जेवणाला गावातून धान्य, अध्यक्षांनी एक कट्टा ज्वारी कबूल केली (हसल्याची भरपाई असावी). कोठीची चावी मी मावशीकडं दिली. जुडग्यातली ती चावी कुणाला द्यावी असं मला कधी सुचलंच नव्हतं, मी रजेवर असलो की खिचडी उशिरा व्हायची आणि मला वाटायचं बघा, आपल्याशिवाय शाळेचं पान हलत नाही.

22 पैकी 9 राहिली. 13 गेली. थोरली गेली.

13 जणांची शिक्षण हमी कार्डं (तिकडच्या गुरुजीनं थोरलीला मागितलं ते कार्ड हेच) मी शनिवारी दुपारीच भरायला घेतली. कोरी कार्डं कपाटात होती बरं का, आधीपासून होती, त्या न उघडणाऱ्या कपाटात नाही, उघडणाऱ्याच. नाव, वर्ग, वाचन कितपत, गणित कितपत, शिक्का. थोरलीच्या कार्डावर लिहिलं, परिच्छेद वाचते, भागाकार येतो, ह्या कार्डावर वर्गात बसवून घ्यावे. खाली माझा नंबर. तिनं कार्ड बघितलं आणि विचारलं, "सर, हे दाखवल्यावर तिकडची खिचडी पण भेटंल का?" म्हणजे मागच्या साली वर्गात बसून खिचडीच्या वेळेला ती काय करत होती ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

त्या गुरुजींचा नंबर माझ्याकडं राहिला नव्हता. गावाच्या नावावरून दोन-तीन जणांना विचारत रात्री सापडला. ओळख दिली तर मोकळेपणानं हसले, म्हणले, "तुम्हीच का ते! मला प्रश्न पडला होता हो, ती तिकडं वर्गात बसलीय तर माझ्यापुढं उभी कोण आहे?" त्यांनी तिला तो सगळा हंगाम बिनकागदाचं बसवून घेतलं होतं. मी माफी मागितली तर म्हणले, "जाऊ द्या सर, आमच्याकडं तरी कुठं सगळं सरळ चालतंय." माझ्या प्रमाणपत्रापेक्षा हा माणूस मोठा, पण ह्याला कुणी गुलाबाचं फूल दिलं असेल असं वाटत नाही.

महिनाअखेरीच्या तक्त्यात 13 लिहिलं. लगेच फोन आला, सर, तुमचं दरवर्षी निरंक असतं, टायपिंग मिस्टेक झाली का. म्हणलं नाही. खुलासा मागितला, दिला, पानभर, त्यात मागच्या तीन वर्षांचंही लिहिलं. एक नोटीस आली, वर्षभर वेतनवाढ अडेल की काय अशी धाकधूक होती, पुढं ते प्रकरण कुठल्या फाइलीत गेलं कुणास ठाऊक. प्रमाणपत्र काढलं तेव्हा भिंतीवर चौकोनी डाग राहिला, तिथं आता वेळापत्रक लावलंय.

तो सोमवार तेवढा सांगायचा राहिला. ट्रॅक्टर आदल्या रात्रीच गेला होता, वर्गात मधले मधले बाक रिकामे. पावणेअकराला मावशी त्यांचं रजिस्टर घेऊन ऑफिसात आल्या, माझ्या हजेरीपत्रकाशेजारी टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, बघा. माझ्यात 64, त्यांच्यात 63. छातीत धस्स झालं, म्हणलं पहिल्याच दिवशी? परत मोजलं. चार वर्गांत जाऊन डोकी मोजली. 63च.

तेवढ्यात दुसरीतला एकजण चड्डी सावरत हापशाकडून आला, हात ओले.

"हा बघा तुमचा चौसष्टावा," मावशी म्हणाल्या आणि कोठीत जाऊन पातेल्यात आणखी एक मूठ तांदूळ टाकून आल्या.