आमच्या शाळेचं बातमीपत्र

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं संमेलन दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी असतं, कारण मुंबईच्या शाळांना नाताळची सुट्टी पडते आणि चाकरमानी पोराबाळांना घेऊन गावाक येतात. भाताची कामं तोवर आटपलेली असतात, परड्यात कुळीथ-पावटा वर आलेला असतो, आणि बागायतदार मात्र मोहोराच्या फवारणीत अडकलेले असतात. देवगड तालुक्यात हे असंच चालायचं, थंडी पडली की आंबा पहिला, मग बाकी सगळं. आमची शाळा पहिली ते सातवी, पट दरवर्षी कमीच होतोय, आणि वीसच्या आतला पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची असं २०२३ पासून ऐकतोय तेव्हापासून शाळेच्या समितीवाल्यांच्या पोटात गोळाच आहे. पण करोनातली वर्षं सोडली तर संमेलन चुकलं नाही, हे मी छाती पुढे करून सांगते.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, अहवालवाचन, बक्षिसं हे सगळीकडे असतं तसंच असतं, त्यावर जास्त लिहित नाही. पाहुणे बोलतात, बोलू द्यावं. नाचही छान होतात, कोळीगीत तर हवंच, आणि छोट्या शिशुगटाचा नाच विसरला तरी टाळ्या त्यालाच जास्त पडतात. पण मी ज्याच्यासाठी पहिल्या रांगेत जागा धरून बसते ते म्हणजे बातमीपत्र.

हे आमच्या जुन्या बाईंनी सुरू केलं. त्या आता बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेल्या. टेबल, त्यावर पांढरा टेबलक्लॉथ, आणि मागे दोन मुलं आकाशवाणीवर वाचतात तशी बसतात आणि शाळेच्या बातम्या वाचतात. देशाच्या-राज्याच्या नाही, फक्त शाळेच्या. वर्षभर वर्गात एक बुटाचा खोका ठेवलेला असतो, त्यावर रंगीत कागद चिकटवलेला, मुलं चिठ्ठीवर बातमी लिहून त्यात टाकतात, आणि डिसेंबरात शिक्षक आणि सातवीची मुलं बसून त्यातल्या निवडतात. ऐकायला साधं वाटतं, पण मुलं कशी आहेत, काय खातात, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला ताप येऊन गेला, हे मला समितीच्या मीटिंगमध्ये जेवढं कळलं नाही तेवढं ह्या बातमीपत्रातून कळलं.

काही बातम्या अजून तशाच्या तशा पाठ आहेत. "दुसरीतील एका मुलाला चष्मा लागला आहे. त्यामुळे तो आता पहिल्या बाकावरून तिसऱ्या बाकावर गेला आहे." ही बातमी वाचली तेव्हा तो मुलगा समोर सतरंजीवर बसलेला, तिथूनच ओरडला, "फळ्यावरचा सगळा दिसता माका!" आणि अख्खा मांडव हसला, मी मात्र रडले, कारण तपासणीच्या दिवशी मी तिथे होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते ना, २०१३ पासून सुरू आहे ते, शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा, दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधं बघणारे. वजन, उंची, दात, कान, डोळे सगळं बघतात. मी नावं लिहून घ्यायला बसले होते. तो पोरगा तक्त्यावरची वरची दोन अक्षरं बोलला आणि पुढे गप्प. आम्ही सगळे इतके दिवस म्हणत होतो की ह्याचं अभ्यासात लक्ष नाही, आणि त्याला दिसतच नव्हतं.

दुसरी एक गोळ्यांची बातमी. "पाचवीपर्यंत गुलाबी गोळी मिळते. सहावीपासून निळी मिळते. मी पुढच्या वर्षी निळी खाणार आहे." लोहाची गोळी आहे ती, आठवड्यातून एकदा, जेवणानंतरच द्यायची, उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि मग पोरं दुसऱ्या वेळी तोंडच उघडत नाहीत. आधी किती पालक "नको आमच्या पोराला" म्हणून चिठ्ठी पाठवायचे! त्या मुलीने ही बातमी एवढ्या तोऱ्यात वाचली की पुढच्या वर्षी चिठ्ठ्या जवळजवळ बंदच झाल्या. आशाताईंनी घरोघर फिरून जे सांगितलं त्याला ह्या बातमीने हातभार लावला असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारीतल्या जंताच्या गोळीचंही तसंच, ती चावून खायची असते आणि चव बरी लागते ही बातमी एका तिसरीतल्याने दिली, तेव्हापासून पोरं गोळीच्या दिवशी दांडी मारत नाहीत.

पोषण आहाराची तर दरवर्षी एक बातमी असतेच. पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी-सातवीला १५०, हे एका सहावीतल्या मुलाने तराजूवर तोलून बघितलं आणि बातमी दिली, "माझा भात माझ्या भावापेक्षा अर्धा पट जास्त आहे, पण काकी दोघांना पोटभर वाढतात." पोषण आहाराच्या काकी तेव्हा मांडवाच्या मागे चहाच्या टोपाजवळ उभ्या होत्या, कोणीतरी धावत जाऊन त्यांना पुढे आणलं. पदराने तोंड पुसत उभ्या राहिल्या, हातात चहाची गाळणी तशीच. इतकी वर्षं त्या शाळेत शिजवतायत, तोवर स्टेजच्या समोर त्यांना कोणी उभं केलं नव्हतं.

आता थंडीचं. आमच्याकडे घाटावरच्यासारखी थंडी नसते, पण सकाळी दव इतकं पडतं की पायवाटेने येणाऱ्या पोरांचे पाय भिजतात, आणि मग खाऱ्या वाऱ्याने टाचा आणि ओठ फुटतात. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी जास्तच. बाई कपाटात कोकमाच्या तेलाचा गोळा ठेवायच्या, तो काकींकडून पळीत वितळवून आणायचा आणि एकेकाच्या ओठांना, टाचांना लावायचा, कोमट असतानाच. मोठी मुलं लहानांना लावायची. एका वर्षी बातमीपत्रात आलं, "थंडीमुळे आमच्या ओठांना कोकम लागले आहे, त्यामुळे आज हसताना दुखत नाही." आणि जत्रांचा सीझन म्हणजे दुसरी गोष्ट. त्रिपुरी पौर्णिमेनंतर गावोगाव दहिकाले, म्हणजे जत्रा, सुरू होतात, पोरं आजोबांच्या मांडीवर बसून रात्रभर दशावतार बघतात, दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या. नव्या गुरुजींनी सुरुवातीला ओरडून बघितलं, मग त्यांनीच पालकसभेत झोपेवर बोलायला सुरुवात केली. पालकसभेला माणसं किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, आणि त्यातही आयाच. ह्याच बापयांना मी संमेलनात मुलीच्या नाचाचं शूटिंग करायला स्टेजवर चढताना बघते तेव्हा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

पण बातमीपत्राची सगळ्यात मोठी आठवण मांडवातली नाही, त्या खोक्यातली आहे. एका वर्षी खोक्यात चिठ्ठी निघाली, नाव नाही, अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. "माझ्यावांगडा कोणच जेवूक बसणा नाय." म्हणजे माझ्याबरोबर कोणीच जेवायला बसत नाही. बाईंनी ती वाचायच्या बातम्यांत घेतली नाही. त्यांचा नियमच होता, कोणाच्या दुखण्याची बातमी असेल तर आधी त्या मुलाला विचारायचं, आणि नाव कधीच वाचायचं नाही. त्यांनी मला ती दाखवली कारण मी मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीवर होते (२०२२ च्या शासन निर्णयानंतर प्रत्येक शाळेत ही समिती आली). अक्षरावरून त्यांनी ओळखलं होतं, पण मला शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही. तक्रारपेटी तर शाळेत होतीच, भिंतीवर मुलांच्या मदतीचा १०९८ नंबरही रंगवलेला, पण तक्रारपेटीत आमच्याकडे कधी कागद पडला नाही. तक्रार म्हटली की मुलाला वाटतं आपण कोणाचं तरी नाव सांगतोय, उद्या तो मारील. बातमी म्हटली की हात सैल होतो.

बाईंनी काय केलं, तर कोणालाही न सुनावता दुसऱ्या दिवसापासून जेवायला बसायच्या पंगतीच्या चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. रोज सकाळी परिपाठ झाला की चिठ्ठी, आज तू कोणाच्या शेजारी. बाई स्वतःही चिठ्ठीत, गुरुजीही. पहिले काही दिवस पोरांनी नाकं मुरडली, मग खेळच झाला. पुढच्या हिवाळ्यात बातमीपत्र वाचायला एक पाचवीतली मुलगी बसली आणि तिने स्वतः लिहिलेली बातमी वाचली, "मागच्या वर्षी मी एकटी जेवत होते. आता मला रोज नवीन शेजारी मिळतो. मला सर्वात आवडलेला शेजारी म्हणजे पहिलीतला मुलगा, कारण तो माझ्या ताटातली वाटाण्याची उसळ खातो." तेव्हा कळलं मला ती कोण होती ते. तिची आई माझ्या शेजारी बसली होती आणि तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने माझा हात एवढा घट्ट धरला की पुढच्या बातम्या मला ऐकूच आल्या नाहीत.

आणि आमचा नेपाळी मुलगा. बागांत राखणीला नेपाळहून कुटुंबं येतात हे देवगडात कोणाला सांगायला नको, थंडीत येतात, आंबा संपला की बहुतेक परत जातात. त्यांची मुलं मध्येच येतात, मध्येच जातात, मराठी येत नाही, पटावर नाव घालायचं तर कागदपत्रं नाहीत, तरी आमच्या बाईंनी एकालाही दारातून परत पाठवलं नाही. ह्या मुलाच्या घरचे इथेच राहिले. दुसरीत आला तेव्हा नुसता हसायचा. चौथीत असताना बातमीपत्राला बसला आणि म्हणाला, "आमच्या बागेत मोहोर आला आहे. माझ्या आजीच्या गावी बर्फ पडला आहे. आजीने फोनवर दाखवला. मी आजीला मोहोर दाखवला." एवढीच बातमी. त्याचे आई-बाबा मांडवाच्या अगदी शेवटी, कनातीला टेकून उभे होते, खुर्च्या रिकाम्या असूनसुद्धा. आमच्या वाडीतल्या एका आजींनी उठून दोघांना पुढे आणून बसवलं. त्या आजी आता नाहीत.

रिकाम्या खुर्च्यांचं बोलायलाच हवं. बातमीपत्र सात-साडेसातला असतं, तेव्हा अर्धा मांडव रिकामा. मुंबई मंडळाची, म्हणजे गावच्या मुंबईत राहणाऱ्यांच्या मंडळाची, माणसं जेवून आरामात नवाच्या पुढे येतात, तेव्हा नाच सुरू झालेले असतात. मंडळ वह्या देतं, दप्तरं देतं, गेल्या वेळी छताचे पत्रेही दिले, त्याबद्दल मी ऋणी आहे आणि ते अहवालात दरवर्षी येतं. पण ज्या मुलांना वह्या दिल्या त्यांची खबरबात जिथे कळते तिथे हजर राहावं, एवढं मागणं जास्त नाही.

आता ज्यांच्याशिवाय संमेलन उभंच राहत नाही त्यांच्याबद्दल, कोणी राहू नये म्हणून सकाळपासून आठवतेय. मांडव घालणारे खालच्या वाडीतले तिघे भाऊ, पैसे घेत नाहीत, फक्त नारळ घेतात. भजनी मंडळाचे बुवा पेटीसकट येतात, त्यांचा पखवाजवाला आणि झांजवाला पण. दशावतार कंपनीत काम करणारे आमचे माजी विद्यार्थी, ते मुकुट आणि शालू उसने देतात आणि लहान पोरांच्या डोक्यावर बसावा म्हणून मुकुटात फडकं कोंबूनही देतात. पार्लरचा कोर्स केलेली आमचीच एक लेक, एकटी सगळ्यांचा मेकअप करते. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर. लाईट गेली की खांबावर चढणारे वायरमन. ग्रामपंचायतीचे शिपाई, जे दुसऱ्या दिवशी एकटे ग्राउंड झाडत असतात. रिक्षावाले मामा, वरच्या वाडीतल्या पोरांना रात्री फुकट सोडतात. मच्छीमार वाडीतल्या बायका, रापणीचं काम असलं तरी पाहुण्यांच्या जेवणाची मासळी पोचवतात. केंद्रप्रमुख साहेब, जे भाषण पाच मिनिटांत आटपतात. सरपंच, पोलीस पाटील. माईकवाला. आणि हो, बातमीपत्राचा पांढरा टेबलक्लॉथ ज्यांच्या घरून येतो त्या काकी, त्यांचं नाव अहवालात एकदाही आलेलं नाही, ते यंदा घालायला मी गुरुजींना सांगून ठेवलंय. सतरंज्या देवळातून येतात, त्या देणारे पुजारी काका. अजून कोणी राहिलं असेल तर मला फोन करून सांगा, मी घालते.

समितीत मी आता नाही, पण मीटिंगला जाते, खोका उघडायलाही मला बोलावतात. यंदा खोका लवकर भरलाय. आणि यंदा मी हट्ट धरून कार्यक्रमपत्रिका बदलून घेतली आहे, बातमीपत्र साडेनऊला, कोळीगीत आणि शिशुगटाच्या नाचाच्या मधोमध. मुंबईवाल्यांनो, तुमची कोकणकन्या गाडी सकाळीच पोचते, तेव्हा वेळेचं कारण नको. नऊपर्यंत येऊन बसा, पुढच्या रांगा तुमच्यासाठी मोकळ्या ठेवतो.