परदेशात सायंप्रार्थनेची वेळ

इकडे उन्हाळ्यात रात्री नऊ वाजले तरी लख्ख उजेड असतो आणि डिसेंबरात मुलं शाळेतून येईपर्यंत अंधार झालेला असतो. दिवेलागण झाली की प्रार्थनेला बसायचं, हे इथे जमणं कठीण. म्हणून आम्ही प्रार्थना जेवणाला जोडली. शेवटचं ताट उचललं की कोणी उठायचं नाही, टेबलावरच पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं. कामाच्या पाळ्या बदलतात, मुलांचे क्लास बदलतात, पण जेवायला आपण रोज बसतोच.

दहा मिनिटं पुरतात. बायबलमधलं एखादं स्तोत्र, शुभवर्तमानातला म्हणजे येशूच्या चरित्रातला छोटा उतारा, दिवसभराची आभारप्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. पाठ केलेली प्रार्थना मनापासून होत नाही असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. दमून आलेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा ठरलेले शब्दच त्याला सावरतात. ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे चर्चला, हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दिवे लावताना गायचं एक ग्रीक ख्रिस्तगीत चौथ्या शतकात, बिशप संत बेसिल यांच्या काळातही जुनं समजलं जात होतं. 1549 च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात इंग्लंडच्या चर्चचे आर्चबिशप क्रॅन्मर यांनी संध्याकाळची आणि निजण्यापूर्वीची अशा दोन उपासना एकत्र करून सायंप्रार्थना बसवली, तीही लॅटिन न जाणणाऱ्यांना समजेल अशा भाषेत. लूकच्या शुभवर्तमानातली येशूची आई मरीया हिचं आणि बाळ येशूला हातांत घेणाऱ्या शिमोनाचं अशी दोन्ही गीतं तिच्यात आली. शिमोनाचं गीत तर चारच वचनांचं, लहान मुलांनाही सहज पाठ होतं.

आमची प्रार्थना मराठीतूनच होते. मुलांचा सारा दिवस दुसऱ्या भाषेत जातो. धाकटी ओळीखाली बोट ठेवून वाचते, जोडाक्षराशी अडखळते, आणि आम्ही थांबतो. तिच्या तोंडातून शब्द काढून घ्यायचा नाही, हे मी सगळ्यांना बजावलं आहे.

आणखी एक पथ्य आम्ही कटाक्षाने पाळतो. प्रार्थनेच्या आडून मुलांना बोलणी द्यायची नाहीत. 'प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे' असं त्याच्यासमोर म्हटलं की ती प्रार्थना राहत नाही, आणि मुलाला ते लगेच कळतं. त्यापेक्षा मोठ्यांनी स्वतःसाठी मागावं. सूर्य मावळेपर्यंत राग धरू नका, असं प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो. नवरा-बायकोत सकाळी खटका उडाला असेल तर तो आधी आम्ही दोघांनी मिटवायचा.

मोठा मुलगा हल्ली मोठ्याने प्रार्थना करत नाही. त्याला आग्रह नाही, फक्त सोबत बसायचं. नवऱ्याची रात्रपाळी असली की तो जेवणाच्या सुट्टीत फोन करतो आणि स्तोत्र तोच वाचतो.

ज्यांच्या घरी अजून सुरुवात व्हायची आहे, त्यांनी आज स्तोत्र 4 घ्यावं. आठच वचनं आहेत, आणि शेवटचं शांतपणे झोपी जाण्याविषयीच आहे.