रोटाव्हेटरचा नट पुन्हा पुन्हा ढिला का होतो

मृगाच्या तोंडावर रानात रोटा फिरत असताना आवाज बदलतो. घुर्र घुर्र चाललेल्या आवाजात मधेच खट्‌खट्‌ सुरू होते. ट्रॅक्टर थांबवून बघावे तर एक ब्लेड रानातच राहिलेले आणि शेजारचे एका बोल्टावर लोंबकळत असते. मग गॅरेजवर ठरलेले दोन उपाय होतात: नटाला वेल्डिंगचा टाका, नाहीतर अजून एक स्प्रिंग वायसर. दोन्ही उपाय चुकीचे आहेत. का, ते समजायला नट मुळात जागेवर कशाने राहतो ते बघावे लागते.

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. त्या ताणामुळे ब्लेड आणि फ्लँज (ब्लेड ज्या चकतीवर बसते ती) एकमेकांवर घट्ट दाबून बसतात. ढेकळाचा, दगडाचा मार पेलायचे काम या दाबातले घर्षण करते. बोल्टाच्या दांडीवर तो मार यायलाच नको. दाब कमी पडला की ब्लेड आपल्या भोकात केसभर इकडेतिकडे सरकायला लागते, आणि दर सरकण्यासरशी आट्यांची पकड क्षणभर सुटून नट थोडा थोडा मागे फिरतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हेच प्रयोग करून दाखवले. नट सर्वात लवकर सुटतो तो अशा आडव्या सरकण्याने. म्हणून आधी पुरेसा ताण द्यायचा आणि लॉक करायचे काय ते नंतर बघायचे.

ताण किती? आधी बोल्टाचे डोके बघा. त्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा पाहिजे. ८.८ मधला पहिला आकडा सांगतो की तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कलच्या घरात आहे, आणि दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट ताणून परत मूळ लांबीला येतो. डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट कितीही स्वस्त मिळाला तरी रोटाला लावू नका. तो आवळतानाच लांबतो आणि मग ताण धरत नाही.

कोरड्या, स्वच्छ आट्यांवर ८.८ चा १२ एमएम बोल्ट साधारण ८५ न्यूटन मीटरला आवळतात आणि १४ एमएमचा १३५ ला. मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा. टॉर्क पाना (किती जोर बसला ते दाखवणारा पाना) नसेल तर हिशेब असा: अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला साडेसतरा किलोचा भार म्हणजे ८५. नेहमीचा १८-१९ चा रिंग पाना पाव मीटरच्या आसपास असतो. त्याच्यावर तेवढ्याच कामाला ३५ किलोचा जोर लागतो. रानात उकिडवे बसून एका हाताने तेवढा जोर लागत नाही, आणि "चांगला कसला होता" म्हणणाऱ्याचा नट तिथेच फसतो. उलट बाजूने, पान्याला मीटरभर पाइप लावला की बोल्ट ताणाच्या पलीकडे जातो. आटे ओढल्यासारखे लांबट दिसतात आणि नट हाताने फिरताना मधेच अडकतो. असा बोल्ट फेकून द्या.

आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लागले असेल तर तेवढ्याच जोरात जास्त ताण बसतो, कारण कोरड्या आट्यांवर लावलेल्या जोरातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग नुसत्या घर्षणात जातो. ओल्या आट्यांवर आकडा पाव भागाने कमी धरावा.

आता नव्या मशीनमधला एक बारकावा, ज्याकडे जवळपास कुणीच बघत नाही. नवा रोटा आणला की फ्लँजवर, ब्लेडवर, अगदी नटाखालीसुद्धा रंगाचा जाड थर असतो. बोल्ट त्या रंगावर आवळला जातो. दोन-चार तास काम झाले की रंग दबतो, चुरा होतो, आणि ताणच निघून जातो. नट एक आटाही फिरलेला नसतो, तरी तो ढिला! ब्लेड उचलून बघितले तर नटाखाली रंगाची गोल चकती चेपलेली आणि कडेने पापुद्रा सुटलेला दिसतो. यावर उपाय साधा आहे. ब्लेड, फ्लँज आणि नट टेकतो ती जागा ब्रशने घासून धातू उघडा करायचा, मगच बसवायचे. एवढे करायचे नसेल तर पहिल्या दोन तासांनी सगळे नट पुन्हा आवळणे भाग आहे.

घासून झाल्यावर थ्रेड लॉकरचा विचार करता येतो. हे चिकट द्रव्य हवेत ओलेच राहते आणि हवा तुटून धातूशी गाठ पडली की घट्ट होते. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये ते तयार केले. लॉकटाइट हे नाव तिथूनच आले. रोटाच्या ब्लेडला मध्यम ताकदीचे निळे लागते, उदाहरणार्थ २४३ नंबरचे. लाल लावले तर काढताना नट २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि बेअरिंगच्या, ऑइल सीलच्या शेजारी ते परवडत नाही. रंगाचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो, म्हणून लेबल वाचा.

लावायची रीत: बोल्ट आणि नट दोन्हींचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा आणि थिनरने पुसा. डिझेलने धुऊ नका. डिझेल सुकल्यासारखे दिसते पण तेलाचा पापुद्रा मागे ठेवते. बोल्ट आरपार घाला, नट जिथे येऊन थांबणार त्याच आट्यांवर दोन-तीन थेंब सोडा, नट फिरवा आणि एका दमात पूर्ण आवळा. भोक बंद असेल, म्हणजे पलीकडून बोल्ट बाहेर येत नसेल, तर थेंब भोकाच्या आतल्या आट्यांवर सोडायचे. नुसत्या बोल्टावर लावले तर आत कोंडलेली हवा ते बाहेर ढकलते. नटाबाहेर आलेला निळा ओघळ दुसऱ्या दिवशीही बोटाला ओलाच लागतो. ते साहजिक आहे, त्याला हवा मिळते. आत ते काही मिनिटांत धरायला लागते, पण पूर्ण ताकदीला २४ तास लागतात. झिंक चढवलेल्या आणि स्टेनलेस बोल्टांवर आणखी वेळ जातो. म्हणून संध्याकाळी लावायचे आणि दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत मशीन हलवायचे नाही. मधेच "जरा अजून कसतो" म्हणून पाना फिरवला की धरलेली पकड मोडते, आणि मोडलेली पुन्हा जुळत नाही. फवारणी पंपासारख्या प्लॅस्टिकच्या भागांना हे अजिबात लावू नये, बारीक चिरा पडतात.

स्प्रिंग वायसर बोल्ट पूर्ण कसला की चपटा होतो आणि साध्या वायसरएवढेच काम करतो. युंकरच्या पद्धतीच्या चाचणीत तो टिकत नाही. रोटावर त्याच्या भरवशावर राहू नका. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, चांगला, पण एका अटीवर: बोल्टाचे एक-दोन आटे नायलॉनच्या पुढे आलेच पाहिजेत. नायलॉनमधून नट बोटांनी फिरायला लागला तर तो संपला. सायलेन्सरजवळ तो वापरू नका, १२० अंशांच्या वर नायलॉन टिकत नाही. दगडगोट्याच्या माळरानात काम करणाऱ्या मशीनला पाचरीचे जोडवायसर सर्वात खात्रीचे. उताराच्या बाजू एकमेकांकडे आणि बारीक दाते बाहेर, अशीच जोडी बसली पाहिजे. उलटी बसली तर ती काही कामाची नाही.

वेल्डिंगचा टाका मात्र देऊच नका. ८.८ चा बोल्ट पाणी चढवून कडक केलेला असतो. टाक्याच्या उष्णतेने ते पाणी उतरते, आणि ब्लेडला त्याच ठिकाणी चीर जाते. एकदा लांबट झालेल्या भोकात नवा बोल्टही राहत नाही. तिथे फ्लँज बदला.

हडंब्याची, म्हणजे मळणी यंत्राची, गोष्ट जास्त गंभीर आहे. सोयाबीनच्या हंगामात ड्रमच्या दात्याचा एक नट सुटला तर तो आतच फिरतो आणि गोळीसारखा बाहेर येऊ शकतो. तिथे डबल नट लावायचे असतील तर पातळ नट खाली आणि जाड वर. पातळ हलका कसायचा, त्याला पान्याने धरून ठेवायचे आणि जाड पूर्ण आवळायचा. बहुतेक ठिकाणी हे उलटेच दिसते. कॅसल नट (पिन घालायला वर खाचा असलेला) असेल तर भोक जुळवायला नट पुढे न्यायचा, मागे नाही, आणि स्प्लिट पिन दरवेळी नवी घालायची. ट्रॅक्टरच्या चाकांच्या नटांना ना ऑइल ना लॉकर. समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, बस.

आवळून झाले की नट, बोल्टाचे टोक आणि फ्लँज यांवरून ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारा. रोज सकाळी रेघ तुटली का एवढेच बघायचे. बघताना पीटीओ (ट्रॅक्टरकडून रोटा फिरवणारा दांडा) बंद, चावी खिशात, आणि रोटा लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेला. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या रोटाखाली हात घालू नका.

थ्रेड लॉकरची बाटली विकत आणली तेव्हाच निम्मी रिकामी दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते. आतली हवाच त्याला पातळ ठेवते. ती बाटली ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये मे महिन्याच्या उन्हात ठेवू नका, घरात सावलीला ठेवा. बोल्टाला लागून उरलेला थेंब परत बाटलीत टाकू नका, त्यातल्या लोखंडाच्या कणांनी सगळी बाटली घट्ट होते.